सांभाळणारीला कोण सांभाळणार?

सासूचं पथ्य, नवऱ्याचं इन्सुलिन सांभाळलेल्या बाईला सांभाळायची पाळी येते, तेव्हा घरात बहुधा कोणी उरलेलं नसतं. २०११च्या जनगणनेत देशात विधवा चार कोटींहून अधिक होत्या, विधुर त्या मानाने फारच थोडे. ‘मुलं आहेत की!’ असतील, पण २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहखर्च मागायचा तर पोटच्या पोराविरुद्धच अर्ज करावा लागतो, आणि तो किती जणी करतील? आयुष्मान भारतचं सत्तरीनंतरचं पाच लाखांचं कवच इस्पितळाच्या बिलासाठी आहे, रात्रपाळीला घरी येणाऱ्या मावशींच्या पगारासाठी नाही. तेव्हा पन्नाशीतच स्वतःच्या नावावर वेगळी ठेव हवी. आणि घराचं बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ती नसेल तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला त्याच २००७च्या कायद्यातल्या कलम २३चा आधार डळमळतो.