घेणारा आणि देणारा एकाच घरात

निघोजे-चाकण पट्ट्यात आता एकाच घरात मजुरी घेणारा आणि देणारा दोघेही असतात. मुलगा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. आई कांदा काढणीला बाया बोलावते. मुलगा म्हणतो, पगार पुरत नाही. आई म्हणते, बायांनी मजुरी वाढवली. दुखणे एकच, महागाई!

हिशोब करून पाहा. महिन्याला १०,००० रुपयांत भागणाऱ्या घराचा खर्च वर्षात शेकडा सहाने वाढला, तर ६०० रुपये जास्त मिळाले तरी ती वाढ नव्हे. माणूस होता तिथेच राहिला.

म्हणूनच महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग करण्याची रीत आहे: मूळ दर आणि विशेष भत्ता. भत्ता बाजारभावाच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. मूळ दर पाच वर्षांच्या आत तपासावा, असे १९४८ च्या कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तेच आहे. तरी केंद्राने २०१७ साली ठरवलेला रोजचा १७६ रुपयांचा तळाचा आकडा पुढे वर्षानुवर्षे हलला नाही!

तेव्हा मुलाची पगारचिठ्ठी वाचा. भत्ता बदलला का, ते पाहा. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देणे कंपनीवर येते. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करावी.

आणि आपल्या बांधावर? किमान वेतन शेतमजुरालाही आहे, आणि बाई-गडी असा भेद त्यात चालत नाही. कांद्याचा भाव पडला की मजुरी जड जाते, हे खरे. पण बाईच्या घरचे तेल-मीठ त्यामुळे स्वस्त होत नाही. मुलासाठी जो न्याय मागतो, तो आपल्या वावरातही पाळावा.