पहिली हाक देणाऱ्याची जबाबदारी

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या टोकाचा, गुजरातला खेटलेला आदिवासी तालुका. 2022च्या अखेरीस इथल्या काही सीमेवरच्या गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची भाषा केली, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत चार दिवस गाजले. भात-नागलीच्या या डोंगराळ मुलखातही आता रेशनचे धान्य अंगठा लावून मिळते, खात्यावरचे पैसे बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर निघतात. रेंज आली की काम, गेली की ताटकळणे. हे यंत्र पाहिले की मला एक साधा प्रश्न पडतो. ते दूरच्या ज्या संगणकाशी बोलते, तो बँकेचाच कशावरून?

उत्तर संगणकशास्त्राने शोधून ठेवले आहे. पहिली हाक नेहमी आपल्याकडचा प्रोग्रॅम देतो. त्याला जाणकार ‘क्लायंट’ म्हणतात. आपल्याला कोणकोणत्या गुप्तलिपी येतात हे तो सांगतो आणि मनातल्या एका गुप्त संख्येवरून काढलेली दुसरी संख्या धाडतो. समोरचा संगणक एक लिपी निवडतो, आपली तशीच संख्या पाठवतो, सोबत प्रमाणपत्र जोडतो. मग दोघे आपापल्या जागी एकच किल्ली घडवतात. गंमत अशी की ती किल्ली वाटेवरून जातच नाही! डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडलेली ही युक्ती. 2018च्या ‘टीएलएस 1.3’ या आवृत्तीत हे सारे एका फेरीत उरकते, पूर्वी दोन लागत. शहरात तो फरक जाणवणारही नाही. रेंज लुकलुकणाऱ्या पाड्यावर जाणवू शकतो.

पण भक्कम किल्ली भलत्याशीच जुळवली तर काय उपयोग? सोयरीक जमवताना आपण नुसत्या ‘स्थळ चांगले आहे’ यावर थांबत नाही. सांगणारा कोण, नाव-गाव तेच का, हे पाहतो. प्रमाणपत्राचेही तसेच. सही विश्वासू संस्थेची आहे का, नाव जुळते का, मुदत शिल्लक आहे का, ही चौकशी हाक देणाऱ्यानेच करायची. ब्राउझर ती करतो आणि शंका आली तर पानभर इशारा देतो. बँकमित्राच्या यंत्रातला प्रोग्रॅम चौकशी करतो की नाही, हे समोरच्या आजीला कसे कळावे?

ही शंका हवेतली नाही. 2012 मध्ये स्टॅनफर्ड व टेक्सस विद्यापीठांच्या संशोधकांनी ब्राउझरखेरीजचे प्रोग्रॅम तपासले. अमेरिकेतल्या चेस बँकेच्या मोबाइल प्रोग्रॅमसह अनेकांत ही तपासणी धड होतच नव्हती. याचे एक कारण घरगुती असू शकते. प्रोग्रॅम तयार होत असताना चाचणीच्या संगणकाला खरे प्रमाणपत्र नसते, म्हणून तपासणी एका ओळीने बंद करतात आणि ती ओळ तशीच राहून जाते. काम चालू राहते, म्हणून तक्रारही येत नाही. शिवाय सही करणारेही चुकतात. जुलै 2014 मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते.

अंगठ्याचा ठसा यंत्रातच वेगळा कुलूपबंद होतो, हे खरे. पण ‘पैसे निघाले’ की ‘व्यवहार फसला’ हा निरोप याच वाटेने येतो आणि त्यावरच आजी रिकाम्या हाताने चार मैल परत जायचे की नाही हे ठरवते.

अशी यंत्रे घेणाऱ्या बँकांनी आणि सरकारी खात्यांनी दुसऱ्याच नावाचे प्रमाणपत्र पुढे करून प्रोग्रॅम अडतो का, हे खरेदीआधी तपासून घ्यावे आणि तसे करारात लिहून घ्यावे. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे यंत्राची तारीख दहा वर्षे मागे न्यावी. आजचे प्रमाणपत्र तेव्हा जन्मलेलेच नसते, म्हणून प्रोग्रॅमने जोडणी नाकारायला हवी. निमूट जोडणी झाली, तर यंत्र पुरवणाऱ्याला बोलावून कारण विचारावे.