मोट गेली, पाण्याचं मापही गेलं



आज पंच्याहत्तरीला टेकलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी मोट चालताना पाहिली आहे. नातवंडांना मात्र नाडा कोणता, सोंदूर कशाला म्हणतात, थारोळं कुठं असतं, हे कागदावर चित्र काढून सांगावं लागतं.

मोट म्हणजे काही सुख नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. पहाटे बैल जुंपायचे, नाड्यावर बसून धाव उतरायची, मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल मागं सरकवत पुन्हा वर आणायचे. ऊन तापेपर्यंत हेच. बैलांचे खांदे सुजायचे. दारं धरायला घरातली बाई नाहीतर पोर, आणि पोराची शाळा बुडाली तर कुणाला त्याचं काही वाटत नसे. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक दिवस मोट हाकून बघावी, मग बोलावं.

पण पाण्याचा हिशेब त्या वेळी प्रत्येकाच्या अंगात मुरलेला होता. मोट साधारण शे-दीडशे लिटरची. एक एकरात एक इंच पाणी द्यायचं तर सुमारे 1 लाख लिटर लागतं. म्हणजे सातशे ते हजार मोटा झाल्या! म्हणून तर ऊस गुंठ्यांत मोजायचा आणि गुऱ्हाळापुरता लावायचा. दांड फुटून पाणी वाटेवर आलं तर म्हातारी माणसं घरभर शिव्या घालीत.

पुढं तेलाचं इंजिन आलं, मग वीज आली, उपसा योजना झाल्या. 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला, त्यामागून गावोगावचे शेतकरी शेअर्स गोळा करू लागले. घरं पक्की झाली, मुली कॉलेजला गेल्या. हे उसानंच दिलं, नाकारणारा करंटा.

आता तेच लाखभर लिटर पाणी पाच अश्वशक्तीची मोटर तीन-चार तासांत टाकते. लाईट बऱ्याच ठिकाणी अजून रात्रीची. साप-बिबट्याच्या भीतीनं कोण रात्रभर सरीत उभा राहील? ऑटोस्टार्टर लावायचा आणि झोपायचं. सकाळी बघावं तर रान तुडुंब. यात सगळा दोष शेतकऱ्याचा नाही, रात्रीची वीज देणाऱ्यांचाही आहे. त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल सरकारनं माफ केलं. चांगलंच झालं. पण बिलाच्या आकड्यानं जो थोडाफार लगाम होता, तोही सुटला.

याचं फळ कृष्णाकाठी वाळवा, शिरोळ भागात जाऊन बघा. एके काळी उसानं गजबजलेली काळी रानं क्षारपड झाली, पांढरी फटक पडली. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करता येतो, तशी रानं सुधारलीही आहेत. पण तो खर्च एकट्या-दुकट्याच्या खिशाला झेपत नाही, आणि शेजाऱ्याचं पाणी आपल्याच रानात पाझरत असेल तर करूनही काय उपयोग?

आपण वार्षिक सभेत उसाच्या दरावर तीन-तीन तास भांडतो. भांडलंच पाहिजे. पण पाण्यावर चहाच्या वेळेइतकंही बोलत नाही. कारखान्याकडं उसाची नोंद देताना जात आणि लागणीची तारीख लिहून घेतात. त्यात पाणी पाटाचं की ठिबकचं, आणि किती दिवसांनी दिलं, हाही एक रकाना हवा. चिटबॉय प्लॉटवर येतोच, त्याला जादा कष्ट नाहीत. ठिबकसाठी कारखान्यानं हमी घ्यावी आणि हप्ते ऊसबिलातून दोन-तीन हंगामांत कापावेत. लहान सभासदाला आधी द्यावं. मोठ्या बागायतदाराला बँक दारात उभी करते, एक-दीड एकरवाल्याला नाही.

हा ठराव येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी देणार आहे. अनुमोदक म्हणून सही करायची असेल त्यांनी आपला सभासद क्रमांक घालून गट ऑफिसात चिठ्ठी द्यावी.

— एक वयोवृद्ध सभासद