गॅस संपला नव्हता

‘भाऊ, एसी नुसती हवा फेकतोय. दोनदा गॅस भरला, पुन्हा संपला.’ गेल्या मे महिन्यात रावेरहून आलेल्या फोनवरचे हे वाक्य. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते ऐकलेले आहे, आणि खरे सांगायचे तर आपणच ते गिऱ्हाइकाला शिकवलेले आहे.

एसी होता चाकांवरच्या खोलीचा. परदेशी लोक जिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात तिचीच ही खानदेशी बहीण: ट्रॅक्टरमागे ओढायची, वरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये बोटभर फोम. केळीच्या निर्यातीसाठी शेताशेतांवर पॅकिंग करत फिरणाऱ्या टोळीच्या मुकादमाला राहायला नि हिशेब ठेवायला ती केलेली. छतावर १३,५०० बीटीयूचे यंत्र, म्हणजे सव्वा टनाहून थोडे कमी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा खोल्या बांधणारे फॅब्रिकेटर वाढले. खोली जो तो बांधतो. तिच्यातला गारवा कुठून कसा फिरेल याचा विचार मात्र शेवटी, रंग देऊन झाल्यावर होतो.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर ४४ अंश होते. मालक नानांनी माया दाखवून ट्रेलर पत्र्याच्या शेडखाली लावला होता, उन्हात तापू नये म्हणून. शेडचा पत्रा आणि छतावरचे यंत्र यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. कंडेन्सरने बाहेर टाकलेली गरम हवा पत्र्याला आपटून परत त्याच्याच तोंडात जात होती. कंडेन्सरच्या जाळीपाशी थर्मामीटर धरला तर ५७. यंत्र ४४ अंशांत नव्हे, ५७ अंशांत चालत होते. तासाभरात कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोडवर ट्रिप होई, पंखा तेवढा फिरत राही, आणि ‘नुसती हवा’ येई.

आता गॅसचे कोडे. दोन्ही वेळा मेकॅनिक दिवसभराची कामे आटोपून संध्याकाळी सातनंतर आला होता. तोवर पत्रा निवलेला, कॉम्प्रेसर थंड झालेला. गॅस भरला, गार वारा आला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. ‘गॅस संपला’ हे निदान अशा रीतीने दोनदा सिद्धही झाले! आम्ही गॅस रिकव्हरी मशीनने काढून वजन केला. यंत्राच्या पाटीवर ५२० ग्रॅम लिहिलेले, निघाला ७८०.

यात त्या मेकॅनिकला हसण्यासारखे काही नाही. पंधरा वर्षांपूर्वी भुसावळला एका ऑफिसच्या विंडो एसीत मी हेच केले होते. तिथे आडवा आला होता पाठीमागे लावलेला लाकडी फळा.

ट्रेलर ओढून कडुलिंबाखाली आणला, छत उघडे ठेवले, पाटीप्रमाणे तराजूवर गॅस मोजून भरला. सुधारणा झाली, पण पुरती नाही. परतीची हवा ३४ अंश, खोलीच्या टोकाच्या जाळीतून येणारी २७. फरक सातच. मग आतली झाकणी काढून कॉइलला लागून तापमान घेतले तर २२. म्हणजे कॉइल १२ अंशांचा फरक देत होती आणि त्यातले पाच अंश वाटेत गहाळ होत होते. छताच्या पोकळीतली डक्ट पत्र्याला चिकटून गेलेली, आणि थंड हवेचा कप्पा व परतीचा कप्पा यांच्यातला पडदा दोन बाजूंनी उघडा. थंड हवेचा मोठा वाटा खोलीत न येता तिथल्या तिथे परत ओढला जात होता. छतावरच्या यंत्रांचे हे नेहमीचे दुखणे आहे, कारण तो पडदा कंपनी नव्हे, बसवणारा लावतो. अॅल्युमिनियम टेपचे एक रीळ आणि नायट्राइल फोमची एक शीट एवढ्यात काम झाले. फिल्टरवर पॅकिंगच्या फोमचे तंतू आणि धूळ यांची गोधडी बसली होती, ती निराळीच.

वायरचे वेगळे सांगतो, कारण शेतावर हा दोष हमखास असतो. जनरेटरपासून ट्रेलरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची ४० मीटर वायर होती. जाऊन-येऊन ८० मीटर तांबे, म्हणजे रोध सुमारे दीड ओहम. चालू यंत्राला ८ अँपिअर लागले तर १२ व्होल्ट वायरीतच जातात, ते चालून जाते. पण सुरू होताना कॉम्प्रेसर ४० अँपिअर ओढतो तेव्हा ६० व्होल्ट जातात. २३० चे १७० होतात, कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि बसतो. आपण कॅपॅसिटर बदलतो, मग कॉम्प्रेसर, आणि वायर तशीच राहते. व्होल्टेज जनरेटरपाशी मोजून उपयोग नाही. ते यंत्रापाशी आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी पाहायला हवे.

गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळाला आहे, आणि गळती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. छतावरची बहुतेक यंत्रे कारखान्यातच झाळून बंद केलेली येतात, गेज लावायला तोंडच नसते. ते तोंड पाडण्यासाठी नळी टोचली की गळतीची पहिली जागा आपण स्वतः तयार करतो. म्हणून अशा यंत्रात आधी तापमान, करंट आणि कॉइलवरचा बर्फ बघावा. गॅस खरोखरच कमी असेल तर बर्फ कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर धरतो आणि पुढचा भाग कोरडा, कोमट राहतो. सगळी कॉइल बर्फाने भरली असेल तर संशय आधी फिल्टर आणि ब्लोअरवर घ्यावा. आर-४१० मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरायचे, हे वाचकांना सांगायला नको. पण स्वस्तात पडते म्हणून स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरणारे आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांना जरूर सांगायला हवे. तीन मीटरच्या बंद खोलीत माणूस झोपलेला असतो, आणि शेजारी ठिणगी उडणारा रिले.

यंत्राच्या क्षमतेविषयी गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहण्याची गरज आहे. पाटीवरचा टन हा बाहेर ३५ अंश धरून मोजलेला असतो. ४६ अंशांसाठी टी-३ अशी वेगळी चाचणी आहे, आणि उष्ण देशांत विकायची यंत्रे तिच्यावर तपासली जातात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ३५ च्या यंत्राचा ढोबळमानाने दहावा हिस्सा गेलाच म्हणून समजा. बोटभर फोमच्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी २४ अंश मिळणार नाहीत. २८-२९ मिळतील आणि माणूस सुखाने झोपेल. ते आधीच सांगितले तर तक्रारीचा फोन येत नाही.

त्याच आवारात केळी भरायला आलेला ४० फुटी रीफर उभा होता. तांदलवाडीची जीआय मानांकित केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, तेव्हापासून रावेर तालुक्यात रीफर हे काही नवल नाही. पण त्याच्याबद्दलची तक्रारही जशीच्या तशी: ‘कंटेनर गार करत नाही.’ केळीला १३ ते १४ अंश हवेत. त्याखाली गेली तर साल काळवंडते. आता शेतातून ३४ अंशांचा २० टन माल थेट आत भरला तर २० अंश उतरवायला सुमारे ३७० युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. यंत्र १० किलोवॅटचे धरले तर नुसते त्यालाच दीड दिवस, आणि भिंतींतून येणारी व केळीच्या श्वसनाची उष्णता वेगळी. रीफर हा थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, थंड करायचे काम प्री-कूलिंगचे. इथेही यंत्र दुबळे नव्हते, त्याच्यावर टाकलेले ओझे कुणी मोजले नव्हते.

मग आपण मोजत का नाही? कारण गिऱ्हाईक मोजण्याचे पैसे देत नाही, गॅसचे देते. सिलिंडर त्याला दिसतो, तासभर थर्मामीटर घेऊन बसलेला माणूस रिकामटेकडा वाटतो. नानाही टेपचे पैसे बघून म्हणाले, ‘एवढ्याचं काम होतं तर दोन सीझन गॅस कशाला भरला?’ त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते. माझे स्पष्ट मत आहे की तपासणीची फी बिलात वेगळ्या ओळीत लिहावी आणि वाचलेल्या आकड्यांसह कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. सुरुवातीला चार गिऱ्हाइके तुटतील. आमच्या गावात माझी सहा तुटली, त्यातली काही परत आली.

हे आता लांबणीवर टाकता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. केळी भरायला येणारे हे ट्रक हळूहळू आपल्याच दारात उभे राहतील, आणि ड्रायव्हर पहिले वाक्य तेच बोलेल. केबिनचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. नाक्यावर तासन्‌तास इंजिन बंद करून थांबलेल्या गाडीत गॅस भरून गारवा येणार नाही, हे त्याला कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

जूनच्या अंकात आम्ही चाकांवरच्या यंत्रांच्या नोंदी छापणार आहोत. मेमध्ये हाताळलेल्या कोणत्याही तीन कामांचे पाच आकडे पाठवा: कंडेन्सरपाशी हवेचे तापमान, परतीची हवा, कॉइललगतची हवा, शेवटच्या जाळीची हवा, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचे यंत्रापाशी मिळालेले व्होल्टेज. पाचही गेज लावण्याआधी घेतलेले हवेत. गिऱ्हाइकाचे नाव नको, दुपारची वेळ मात्र जरूर लिहा.