तीनशे डीपीआयचा मंत्र आणि काठीचा फोटो

"जुने फोटो स्कॅन करायचेत, किती डीपीआय ठेवू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. कॉम्प्युटरवाला म्हटलं की प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिकेपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं, त्यातलाच हा एक. विचारणाऱ्याला उत्तरही आधीच ठाऊक असतं, "तीनशे ना?" मंडळी, हा तीनशेचा मंत्र कुणी कुणाच्या कानात फुंकला देव जाणे, पण तो अर्धाच फुंकलाय.

तीनशे हा आकडा छापलेल्या कागदाचा आहे, फाइलचा नाही. फूटभर अंतरावरून बघताना साधारण डोळ्याला एका इंचात २८०-३०० च्या पुढचे ठिपके वेगळे दिसत नाहीत, म्हणून हातात धरायच्या प्रिंटला ३०० पुरतात. अंतर वाढलं की गरज कमी होते. चार फुटांवरून बघायच्या भिंतीवरच्या फोटोला ७०-७५ ठिपकेही चालतात, १५० असले तर चैन. फाइलमध्ये '७२ डीपीआय' लिहिलंय की '३००', ही नुसती चिठ्ठी आहे. आतले पिक्सेल तेवढेच राहतात. लॅबवाला "तीनशेची करून आणा" म्हणाला आणि तुम्ही फक्त ती चिठ्ठी बदलून नेलीत, तर तोही खूश, तुम्हीही खूश, फोटो होता तसाच.

असो. आता खरी गोष्ट.

माझा एक रूममेट काठीचा. काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव, जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे, परंपरा इ.स. १२४६ पासूनची असल्याचं सांगतात. जंगलातून उंच सरळ बांबू आणायचा, रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि सुकलेले भोपळे, उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी.

रूममेटच्या आजोबांचा एकच धड फोटो आहे, तो या वेशातला. साडेतीन बाय पाच इंची रंगीत प्रिंट, होळीच्या वेळी कुणीतरी काढलेली. अकरा जण रांगेत उभे, डावीकडून चौथे आजोबा. चेहऱ्याची उंची मी पट्टीने मोजली, जेमतेम एक सेंटीमीटर. वडिलांची इच्छा अशी की आजोबांचा एकट्याचा मोठा फोटो करून भिंतीला लावायचा.

गणित करू. १ सेंटीमीटरचा चेहरा ३०० ला स्कॅन केला तर ११८ पिक्सेल, ६०० ला २३६, १२०० ला ४७२. मग १२०० च करू की! पण थांबा. कागदावरच्या प्रिंटमध्येच ३०० च्या पुढे फारसा तपशील नसतो, फार चांगली प्रिंट असेल तर ६०० पर्यंत. त्यापुढे स्कॅनर कागदाचे दाणे आणि धूळ यांचेच मोठे फोटो काढतो. म्हणजे हाताशी २३६ पिक्सेल. भिंतीवर चेहरा १२ सेंटीमीटरचा हवा असेल तर इंचाला ५० पडतात. चार फुटांवरूनही मऊ, पुसट दिसणार.

बाजारच्या गावातल्या स्टुडिओवाल्याने यावर फोनमधलंच उत्तर काढलं: एआयने 'एन्हान्स'. अर्ध्या मिनिटात चेहरा लख्ख झाला. रूममेटचे वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कोण आहे हा?" पापण्या, भुवया, ओठांची कड, सगळं सॉफ्टवेअरने हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून भरलेलं. आणि अंगावरचे पांढरे ठिपके? साफ! त्याला ती जुन्या प्रिंटवरची धूळ वाटली. ज्या नक्षीसाठी माणूस तिथे उभा होता, तीच पुसली गेली. धूळ-ओरखडे काढणारे साधे फिल्टरही हेच करतात, त्यामुळे अशा फोटोवर ते बंदच ठेवावेत आणि खरे डाग हाताने एकेक काढावेत. यावर माझं मत पक्कं आहे: ज्याचा दुसरा फोटोच नाही, त्याचा चेहरा यंत्राला अंदाजाने भरू देऊ नये. पुसट आजोबा चालतील, पण ते आजोबाच हवेत.

निगेटिव्ह मिळाली असती तर चित्र वेगळं असतं. ३५ मिमीच्या निगेटिव्हवर तोच चेहरा तीन मिलीमीटरही भरत नाही, पण ४००० डीपीआयच्या फिल्म स्कॅनरवर साडेचारशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, शिवाय प्रिंट करताना हरवलेला तपशीलही. म्हणून प्रिंट स्कॅन करण्याआधी घरातले पत्र्याचे डबे उघडा आणि निगेटिव्ह आहेत का बघा. इथे नव्हत्या.

किरकोळ सूचना भरभर सांगतो. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. पावसाळी ओलीने फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत तो बारीक होतो.

तर आम्ही काय केलं? अख्खा फोटो ६०० ला स्कॅन केला: २१०० बाय ३००० पिक्सेल. १४ बाय २० इंचांवर छापला तर इंचाला बरोबर १५० पडतात. चेहरा चार सेंटीमीटरचा होतो, ठिपके दिसतात, मोरपिसं दिसतात, शेजाऱ्याच्या हातातला ढोलही दिसतो. एकट्याच्या फोटोचा हट्ट वडिलांनी हसत सोडला.

प्रिंट घरी पोचल्यावर रविवारी त्यांचा फोन आला. फोटोतल्या बाकी दहापैकी सात जणांची नावं त्यांनी शोधून काढलीत, आणि त्यातल्या चौघांच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. आणखी चार प्रती हव्यात, त्याच मापाच्या. लॅबला ऑर्डर देताना मी वर टीप लिहिली: कृपया शार्प करू नये, ठिपके मूळचेच आहेत.