तीन बोटं आणि एक अंगठा

परवा मावसबहिणीकडे गेलो होतो. तिची लेक नऊ महिन्यांची. उजवा अंगठा जन्मापासून नुसता कातडीच्या देठावर लोंबकळतोय, आत हाडाचा आधार नाही. डॉक्टर म्हणतात, तो काढून शेजारची तर्जनी अंगठ्याच्या जागी बसवू. तेव्हापासून घरात एकच पालुपद: "म्हणजे पोरीला चारच बोटं?"

खरं सांगतो, मलाही आधी तेच वाटलं. धडधाकट बोट हलवायचं? आमच्या धंद्यात चालू सिस्टीमला कुणी हात लावत नाही! मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो आणि मत बदललं.

तर्जनी तोडून चिकटवत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत ठेवून तळहातातलं तिचं हाड आखूड करतात, आणि बोट फिरवून बाकीच्यांसमोर आणतात. हॅम्बुर्गच्या डीटर बुक-ग्रामको यांनी १९७१ साली अशा १०० शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. पश्चिम जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइडमुळे अधू हात घेऊन जन्मलेली मुलंही त्यांनी हाताळली होती.

नवा अंगठा अस्सल अंगठ्याइतका बळकट नसतो, हे मान्य. पाच बोटं राखायचा मार्गही आहे. पायाचा सांधा आणून अंगठ्याला आधार देतात. पण मग पायावरही शस्त्रक्रिया आली.

माझा मुद्दा साधा आहे. आपण बोटं मोजतोय, ती पोर मोजत नाहीये. खुळखुळा ती आत्ताच तर्जनी आणि मधल्या बोटात धरते. लोंबणारा अंगठा तिने केव्हाच हिशेबातून काढलाय!

आणि या मोजामोजीत खरी गोष्ट राहूनच गेली. असा अंगठा कधीकधी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या दोषासोबत येतो. फॅन्कोनी ॲनिमिया असेल तर पुढे अस्थिमज्जाच निकामी होऊ शकते. त्यासाठी सांगितलेल्या तपासण्या "आधी बोटाचं ठरू दे" म्हणत दोन महिने पडून आहेत. निघताना ताईला म्हटलं, "शस्त्रक्रियेचं सावकाश ठरव, पण तपासण्या या आठवड्यात कर."

बारशाला आलेले लोक चार बोटं मोजतील आणि जेवून घरी जातील. फ्रॉकची बटणं मात्र तिला रोज लावायचीयेत. असो. सोमवारी तपासणीला ताईसोबत मीही जातोय. रजा टाकलीये.