सिमेंटवर पहारा हवाच

सिमेंट कंपन्यांवर स्पर्धा आयोगाची नजर हवी, असे म्हटले की एक उत्तर तयारच असते : पुन्हा परमिटराज आणायचे आहे का? महाराष्ट्रात या उत्तराला नाव-गावही आहे. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटचे कोटे आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले, 1989 मध्ये पूर्णपणे.

इतिहास खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. तेव्हा सरकार गोण्या वाटत होते. स्पर्धा आयोग गोण्या वाटत नाही आणि भावही ठरवत नाही. भाव ज्याचा त्याने ठरवावा, सगळ्यांनी मिळून ठरवू नये, असे 2002 चा स्पर्धा कायदा सांगतो. मंत्रालयातून ठरणारा भाव उद्या उत्पादकांच्या बैठकीत ठरू लागला, तर नियंत्रण उठले कुठे? ते फक्त दुसऱ्याच्या हाती गेले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माल सगळ्यांचा सारखा, कंपन्या मोजक्या, कोळसा आणि डिझेल सगळ्यांनाच महाग. मग भाव एकत्र हलणारच, त्यात संगनमत कसले? निव्वळ भाव सारखे दिसले म्हणून कुणाला दंड करू नये, हे मलाही मान्य आहे. पण सिमेंट कंपन्यांविरुद्धच्या 2012 च्या निकालात आयोगाने तेवढ्यावर भागवले नव्हते. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून चौकशी झाली. सिमेंट उत्पादकांची संघटना भाव गोळा करत होती आणि कंपनीनिहाय उत्पादनाचे व पाठवणीचे आकडे सभासदांत फिरवत होती. 2010 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्षमता असूनही कारखाने कमी चालले, आणि संघटनेच्या बैठकांपाठोपाठ 2011 च्या सुरुवातीला भाव चढले, असे आयोगाला आढळले. खऱ्या स्पर्धेत एकाने माल रोखला की दुसरा त्याचे गिऱ्हाईक पळवतो. इथे सगळ्यांनीच हात आखडला. याला योगायोग म्हणायला फार मोठे मन लागते!

कंपन्यांचा बचाव असा की भाव तर केंद्राच्या उद्योग खात्यानेच मागितले होते. मग प्रत्येकीने ते थेट खात्याला कळवायचे होते. प्रतिस्पर्ध्यांच्याच संघटनेला भाव गोळा करायला लावणाऱ्या खात्याचा आळसही इथे दिसतो, हे मात्र खरे.

तिसरा आक्षेप, दंड शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसेल. दंड मागच्या नफ्यावर किंवा उलाढालीवर असतो, पुढच्या गोणीच्या खर्चावर नाही. तो वसूल करायला सगळ्यांना एकदमच भाव वाढवता येणार असेल, तर संगनमत चालूच आहे, असे आक्षेप घेणाराच कबूल करतो.

पहाऱ्याचा खरा दोष वेगळा आहे. तो उशिरा पोचतो आणि स्वतःच्याच पायात अडखळतो. 2012 मध्ये सुमारे 6,300 कोटींचा दंड झाला. पण युक्तिवाद न ऐकलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली, म्हणून अपील न्यायाधिकरणाने 2015 मध्ये तो रद्द केला. आयोगाने 2016 मध्ये सुमारे 6,700 कोटींचा नवा आदेश काढला, 2018 मध्ये तो अपिलात टिकला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेला. दहा टक्के रक्कम भरून वसुली थांबली. तक्रार होती 2010 ची. ज्याने ऐकले त्यानेच निकाल द्यावा, ही साधी शिस्त पाळली असती तर निदान मधली काही वर्षे वाचली असती.

दरम्यान, बाजाराचा नकाशाच बदलला. 2012 च्या आदेशातल्या एसीसी आणि अंबुजा तेव्हाही एकाच समूहाच्या होत्या आणि आजही आहेत, फक्त समूह बदलला. बिनानी, सेंच्युरी आणि इंडिया सिमेंट्स या त्याच आदेशातल्या तिघांचा सिमेंट व्यवसाय अल्ट्राटेककडे गेला. हे सगळे कायदेशीर आहे. पण काल एकमेकांशी बोलल्याबद्दल ज्यांना दंड झाला, त्यांतल्या काहींना आज बोलायची गरजच उरलेली नाही. म्हणून आयोगाने खरा जोर अशा मोठ्या विलीनीकरणांना मंजुरी देताना लावायला हवा, आणि देशभराचा वाटा पाहून समाधान मानू नये. सिमेंट जड आणि स्वस्त. ते फार लांब नेणे परवडत नाही. विदर्भातल्या गिऱ्हाइकाला तमिळनाडूतल्या कारखान्याच्या स्पर्धेचा उपयोग नाही. हिशेब विभागवार मांडला पाहिजे.

शिवाय, दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याने चढ्या भावाने स्लॅब ओतला, त्याला कायद्याने भरपाई मागता येते, पण संगनमत सिद्ध झाल्यावर, आणि आपले नुकसान स्वतः दाखवून. घर बांधणाऱ्याने इतक्या वर्षांची बिले जपून ठेवलेली नसतात. मग डीलरांच्या आणि कंपन्यांच्या वह्यांवरून विभागवार जादा आकारणीचा आकडा आयोगानेच आदेशात लिहावा, म्हणजे ग्राहक संघटनांना तेवढ्यावर सामूहिक दावा लावता येईल.